खिशातला सूर

लिलाव संपायला चाळीस मिनिटं उरली होती आणि पैसे कुठल्या सेवेतून घ्यायचे, तो रकाना मावशीने अजून भरलाच नव्हता.

वाद्यदुरुस्तीच्या तिच्या टेबलावर अकॉर्डियन होता. दोन वर्षं खपून तिने त्याची एकेक पट्टी सुरात आणलेली. मागच्या खेपेला ट्रम्पेट असंच इंटरनेटवर विकलं, तर पैसे मध्येच अडकले, मग गिऱ्हाइकाकडे परत गेले. ट्रम्पेट मात्र परत आलं नाही.

समोर निळा शर्ट बसला होता. खिशावर पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं नाव, जिभेवर साखर.

"ताई, आमचं कमिशन निम्मं. माल पोचला की पैसे तुमच्या हातात."

"काल पिवळा शर्ट हेच सांगून गेला."

"पिवळे?" त्याने आवाज खाली आणला. "अहो, त्यांच्याकडे पैसे गेले म्हणजे विहिरीत गेले! मी तर वैऱ्यालाही त्यांचं नाव सुचवणार नाही."

"ते तुमच्याबद्दल हेच म्हणाले," भाची लॅपटॉपमागून बोलली. "विहिरीसकट."

"तू गप गं," मावशी म्हणाली, पण गालातल्या गालात हसली. बेसूर पट्टी शोधताना करते तशी मान तिरकी करून तिने त्या माणसाला न्याहाळलं. मग सुस्कारा टाकला. "बरं, भर निळ्यांचं नाव."

भाचीने बोट उचललं. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. टिंग, टिंग, टिंग.

"थांब!" मावशी म्हणाली.

"मेसेज असेल कुठलातरी..."

"पैसे आलेत तुम्हाला. शेजारच्या दुकानात तुमचे नि पिवळ्यांचे, दोन्ही सूर दिवसभर वाजतात. तुमचा शेवटचा सूर खाली उतरतो. हा वर चढला. हा पिवळ्यांचा."

निळा शर्ट कानापर्यंत लाल झाला. "त्याचं काय आहे ताई... माझा जुना कॅमेरा लिलावात टाकला होता..."

"विकला गेला वाटतं. अभिनंदन, काका!" भाची म्हणाली.

मावशीने अकॉर्डियनचा भाता हलकेच मिटला. त्यातून एक लांब उसासा निघाला. स्क्रीनवर एकोणतीस मिनिटं, आणि रकाना कोराच.

"पिवळ्या शर्टाला बोलाव," ती भाचीला म्हणाली. "आणि तो बोलायला लागला की मध्ये तोंड घालू नकोस. त्याचा खिसा काय वाजतो, ते मला ऐकायचंय."