शेपटातले पाणी

जलविमानाने पाण्यावरून सुटताना तीन उड्या घेतल्या, नाक एकदा पाण्याला लागता लागता राहिले, आणि मग ते वर गेले. काठावरच्या कचेरीत टाळ्या पडल्या. अभियंत्याने मात्र टाळी वाजवली नाही. त्या विमानाचा होडीसारखा तळ त्याने स्वतः रेखला होता, आणि त्याच्या आराखड्यात उडी कोठेही नव्हती.

विमान त्याची थोरली बहीण चालवीत होती. सोबतीला तळ बांधणारे मिस्त्री होते.

 हातांना काही चाळा हवा म्हणून त्याने टेबलावरचा विमानाचा छोटा लाकडी नमुना उचलला. याच नमुन्याला लांब हौदात दोरीने ओढून त्याने तळाची परीक्षा घेतली होती. आज सकाळीही संचालकांना दाखवण्यासाठी तो ओढला होता. चाळीस फेऱ्यांत नमुना एकदाही उसळला नव्हता. पण आता तो हाताला जड लागला. त्याने तो कलता केला. शेपटाच्या केसाएवढ्या चिरेतून गार पाणी निघाले आणि मनगटावरून बाहीत शिरले.

हौदात उतरवण्यापूर्वी त्याने दर वेळी नमुन्याचे वजन केले होते. बाहेर काढल्यावर एकदाही नाही. आत शिरलेल्या पाण्याने शेपूट जड होत होते, नाक वर राहत होते, आणि म्हणूनच नमुना शहाण्यासारखा चालत होता. खऱ्या विमानाचे शेपूट कोरडे होते. सुटताना ते नुसते उसळले. उतरताना ते पाण्यात नाक खुपसून उलथणार होते.

"उतरते आता," वायरलेसच्या कर्ण्यातून बहिणीचा आवाज आला. "बाळ्या, ऐकतोयस ना?"

संचालक शेजारीच दुर्बीण घेऊन उभे होते. खरे सांगावे, तर अकरा वर्षांची अब्रू या चार भिंतींत मातीमोल होणार. न सांगावे, तर बहीण जाणार. तेवढ्यात भीतीनेच त्याला तिसरी वाट दाखवली.

"ताई, चाचणीचा पुढचा भाग," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "उतरण्याआधी मिस्त्रींना शेपटात बसव. अगदी टोकाला."

"कागदावर असं काही नाहीये."

"नवीन घातलंय."

कर्ण्यातून मिस्त्री बोलले, "साहेबांना माझं तोंड नकोसं झालंय वाटतं! निघालो बाई, रांगत."

विमान खाली येऊ लागले. त्याने डोळे मिटले. पण मिटल्या डोळ्यांपुढे जे दिसले ते पाहवेना, म्हणून पुन्हा उघडले. तळ पाण्याला टेकला. एक पांढरी रेघ सरळ, न तुटता उमटत गेली, आणि तिच्या टोकाला विमान बदकासारखे विसावले.

धक्क्यावर संचालकांनी पहिला प्रश्न उड्यांचाच विचारला. "उतरलात झकास. पण सुटताना त्या उड्या कसल्या? तळाचा दोष, की हाताचा?"

अभियंत्याने ओली बाही मुठीत धरली.

"हाताचा," बहीण म्हणाली. "घाई केली मी."

"मग उद्यापासून या विमानावर दुसरा वैमानिक बसेल," असे म्हणून संचालक चालू लागले.

वीस वर्षे पाण्यावर काढलेली ती बाई. तिने निमूटपणे मान हलवली. मग भावाच्या पाठीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "मिस्त्रींना मागे पाठवलंस, तेव्हाच कळलं मला. भिऊ नकोस रे. तळ तेवढा गुपचूप नीट कर."

विमान आकाशात असताना वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटली. ही गप्प राहील. आपणही राहू. जन्मभर. तो धावला, आणि त्याने संचालकांची वाट अडवली.

"साहेब," तो म्हणाला, "ताई खोटं बोलतेय."