शुक्रवारच्या आत

"पाय तू धर, जड बाजू माझ्याकडे," आई म्हणाली. शिलाई मशीन उंबऱ्याला अडलं, घासलं आणि एकदाचं शेजारणीच्या खोलीत आलं.

"बाई गं! लोखंड आहे की तुझी सासू?" शेजारीण धापा टाकत म्हणाली.

दोघी हसल्या. मशीनवर चादर टाकली, चादरीवर पांघरुणांची चळत रचली.

दहा वाजता तपासनीस यायचा होता. गरिबांच्या मुली शाळेत टिकाव्यात म्हणून सरकार दरमहा पैसे देणार होतं. पण घरात कमाईचं कुठलंही यंत्र दिसलं की अर्ज बाद. मुलगी सातवीत होती. पैसे मिळाले नाहीत, तर सुट्टीनंतर तिलाही आईसोबत काजं-बटणं करायला बसावं लागणार होतं. दुसऱ्यांच्या मुलांच्या गणवेशांची.

"शुक्रवारच्या आत नेशील ना गं?" शेजारणीने विचारलं.

"शुक्रवारी काय आहे?"

"काही नाही. जागा लागेल जरा."

"आज संध्याकाळीच नेते. तुझे उपकार कसे..."

"पुरे झालं. माझी पोर तुझ्याच पोरीच्या पुस्तकातून शिकते ना?"

तपासनीस वेळेवर आला. त्याने फडताळ उघडलं, खाटेखाली वाकून पाहिलं. फरशीवर मशीनच्या पायांचे चार फिकट डाग उरले होते. आईने बजावल्याप्रमाणे मुलगी नेमकी त्यांवर वही पसरून बसली होती.

"शिकायचंय ना पुढे?"

मुलीने जोरात मान हलवली.

"झालं तुमचं काम." त्याने सही केली.

त्याला निरोप द्यायला आई मुलीला घेऊन दारापर्यंत गेली. बाहेर त्याने यादी चाळली आणि शेजारणीच्या दारावर थाप मारली.

"तुमची पाहणी शुक्रवारी होती. म्हटलं, आलोच आहे तर उरकून टाकू."

शेजारीण बाजूला सरकली. तिच्या मागे तिची पोर पुस्तक छातीशी धरून उभी होती. तपासनीसाने पांघरुणं हलवली, चादर उचलली.

"हे कुणाचं?"

शेजारीण दारात उभ्या आईकडे नुसती बघत राहिली. मग तपासनीसही आईकडे वळला.

"तुम्ही शेजारी. तुम्हाला माहीत असेल."

आईने मुलीचा हात घट्ट धरला.

"तिचंच आहे, साहेब."