फाडफाड इंग्रजी

बसवनगुडीतल्या पद्मावतीबाईंचा थोरला मुलगा शेषगिरी सरकारी कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.ए. झाला. पण मुलाखतीत साहेबाने इंग्रजीत विचारलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि नोकरी दुसऱ्यालाच मिळे. म्हणून धाकट्या त्रिविक्रमला बाईंनी नवऱ्याशी भांडून पाद्र्यांच्या खासगी कॉलेजात घातलं.

"डिग्री तीच असेल हो, पण तिथे बोलायला शिकवतात," त्या म्हणाल्या होत्या.

पुढे १९५८ साली पोटाच्या दुखण्याने बाई इस्पितळात पडल्या. डॉक्टर मद्रासकडचे, त्यांना कन्नड येत नव्हतं. तेव्हा त्यांच्याशी त्रिविक्रमच इंग्रजीत बोलला. गाठ कुठवर पसरली आहे, ऑपरेशन का करता येणार नाही, आई अजून किती दिवस काढेल, सगळं त्याने नीट विचारून घेतलं. शेषगिरीलाही सगळं समजत होतं. तो खिडकीकडे तोंड फिरवून उभा राहिला. बाई मात्र एकटक त्रिविक्रमकडे पाहत होत्या.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

"काय म्हणाले रे?"

"काही नाही आई, स्वल्प अशक्तपणा आहे. औषधाने बरं वाटेल."

बाईंनी समाधानाने मान हलवली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला हळूच म्हणाल्या,



"मला एक अक्षर कळलं नाही बघा. पण किती सुंदर बोलला माझा मुलगा! ऐकतच राहावंसं वाटत होतं."