साडेचार की साडेपाच

सेंदाईबाहेर भाड्याने घेतलेल्या शेताच्या तुकड्यावर शैलेंद्रने मका लावला आणि कावळ्यांनी तो फस्त केला. तेव्हापासून घरात एकच विषय: एअर रायफल कोणती घ्यायची? कावळ्याला साडेचार मिलिमीटरची गोळी पुरते की साडेपाचचीच हवी? चार महिने एक्सेल शीट चाललं, शेवटी साडेपाच ठरलं आणि परवान्यासाठी अर्ज गेला.

जपानमध्ये बंदूक हातात देण्याआधी पोलीस बायकोला विचारतात. ठरल्या वेळेला ठाण्यातून सातो-सान आले, दारात बूट काढून नीट बसले आणि त्यांनी वही उघडली.

"नवरा रागीट आहे का?"

"छे! आमच्याकडे झुरळंसुद्धा मीच मारते," अश्लेषा म्हणाली.

"मग बंदूक कशाला?"

"कावळ्यांसाठी. एकालाही सोडणार नाही म्हणतो."

सातो-साननी ते लिहून घेतलं. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. अंगणात शैलेंद्र श्राद्धाचं पान मांडून, हात जोडून, कुंपणावरच्या कावळ्याची विनवणी करत होता.

"आणि तो कावळा?"

अश्लेषाने चहा पुढे सरकवला. "ते माझे सासरे. वर्षातून एकदाच जेवायला येतात."