चौथा खळगा

पेइ-चनने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चोळले आणि पुन्हा टेकवले. चौथा खळगा रिकामाच होता.

तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात सहा खळगे, खळग्यांत माणसाच्या पेशी. काल तिने पहिल्या पाच खळग्यांत विष घातलं होतं. त्या विषाने पेशीला आतूनच हुकूम सुटतो, आता मर, आणि पेशी निमूट मरते. हा हुकूम अडवणारं एक प्रथिन माणसात असतं. तसलंच एक कीलुंग बंदराजवळच्या समुद्रातल्या स्पंजातही सापडलं होतं. स्पंजाची आणि आपली वाट साठ-सत्तर कोटी वर्षांपूर्वी फुटलेली. इतक्या जुन्या भाऊबंदाचा पहारेकरी माणसाच्या पेशीला वाचवील का, या एका प्रश्नापायी पेइ-चनची सगळी उमेद खर्ची पडली होती. ते प्रथिन बाळगणाऱ्या पेशी चौथ्या खळग्यात पेरायच्या होत्या.

सकाळी घाईघाईत एकदा पाहून तिने त्साई सरांना सांगूनही टाकलं होतं, "सर, एकही वाचली नाही."

"मग स्पंज बंद," सर म्हणाले होते. "दुपारच्या बैठकीत तसं सांगतो. सोमवारपासून तू उंदरांच्या कामाला लाग."

तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. दोनदा हात धुऊन झाले. चहा केला, तो प्यायचा राहिला. मेलेल्या पेशी मागे कचरा ठेवतात. इथे कचराही नव्हता, गुलाबी पाण्याखाली तळ घासल्यासारखा लख्ख. बरं, पाचव्या खळग्यात मुद्दाम मोडलेलं प्रथिन होतं, तिथल्या पेशींनी मरायलाच हवं होतं. त्या मात्र ऐसपैस हातपाय पसरून बसल्या होत्या. सहावा खळगा कोराच ठेवायचा असं ठरलेलं, म्हणून तिकडे तिने पाहिलंच नव्हतं. आता उगाच प्लेट सरकवली. सहाव्यात पेशी होत्या.

पेशी पेरायचं काम श्यू मावशींचं. मावशी या वसंतातच प्रयोगशाळेत आल्या होत्या. पेइ-चन जिन्यावरून धावतच सुटली.

खाली अंगणात सातव्या महिन्याची, म्हणजे महिनाभर परत येणाऱ्या मेलेल्यांची, पूजा मांडली होती. लांब टेबलांवर नूडल्सच्या पुड्या, बिस्किटं, डबाबंद मासे, सफरचंदं, आणि प्रत्येकात एकेक उदबत्ती खोचलेली. टेबलाखाली पाण्याची परात आणि कोरा टॉवेल, लांबून येणाऱ्यांना तोंड धुवायला. या महिन्यात भूत हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, 'भाऊ मंडळी' म्हणायचं. त्साई सर सगळ्यांच्या पुढे उदबत्त्या धरून डोळे मिटून उभे होते. मावशी मागच्या टेबलावर सफरचंदं नीट लावत होत्या.

"मावशी, चौथ्या खळग्यात पेशी घातल्या होत्या का तुम्ही?"

"हळू बोल गं. पूजा चाललीये."

"घातल्या होत्या का?"

"या महिन्यात? आणि चौथ्यात?" मावशींनी तिला खालपासून वर न्याहाळलं. "डॉक्टर व्हायला निघालीस, आणि चार हा मरणाचा आकडा हे मी सांगायचं? तिसऱ्याच्या पुढचं सगळं एकेक घर सरकवलं. झालं."

"पण चौथ्यात ते गुलाबी पाणी होतं ना!"

"पाणी काय म्हणतेस? अन्न आहे ते पेशींचं, ताजं. रोज मारतो की आपण बिचाऱ्यांना. बाहेरच्यांसाठी एवढी टेबलं मांडायची, आणि आपल्या हातून गेलेल्यांना काहीच नको? एक पान वाढलं मी."

म्हणजे स्पंजाचं प्रथिन पाचव्यात होतं. ऐसपैस बसलेल्या त्या पेशी स्पंजाने वाचवलेल्या होत्या. पेइ-चनला हसू फुटलं, डोळ्यांत पाणीही आलं.

"सर!" ती ओरडली. "मेल्या नाहीत त्या!"

अख्ख्या अंगणाने तिच्याकडे डोळे वटारले. सरांनी आधी उदबत्त्या राखेत नीट रोवल्या, मगच तिचं म्हणणं ऐकून घेतलं. मग मावशींवर चढणार होते, पण त्यांची नजर टेबलाकडे गेली आणि आवाज आपोआप खाली आला.

"ही प्लेट धरता येणार नाही. मोडलेलं प्रथिन सरकून सहाव्यात गेलं, आणि सहाव्याला विषच मिळालं नाही, मग तुलना कशाशी करणार? सगळं पुन्हा करा."

"आणि बैठक?"

"सांगतो, स्पंजात अजून धुगधुगी आहे म्हणून."

पेइ-चनने मावशींना मिठीच मारली. मावशींचं अंग मात्र ताठ झालं होतं.

"थांब. विष तू कुठल्या खळग्यांत घातलंस?"

"पहिल्या पाच."

"म्हणजे चौथ्यातही."

"हो. मग?"

"वाढलेल्या पानात विष कालवलंस गं," मावशी म्हणाल्या.

पेइ-चनचा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी तिला वाईट वाटत होतं, अगदी खरंखुरं, आणि असं वाटावं याचा रागही येत होता.

दुपारी तिने मावशींसमोरच नव्या प्लेटच्या झाकणावर नावं घातली. चौथ्यावर लिहिलं, 'भाऊ मंडळी'. त्यात गुलाबी अन्न तिने स्वतः ओतलं. मावशींनी शेजारून पाहिलं आणि बाकीच्या पाचांत पेशी पेरल्या.

दुसऱ्या दिवशी विषाचं पिपेट घेऊन ती एकेका खळग्यावरून पुढे गेली. तिसरा झाल्यावर थांबली. मग पिपेट उंच उचललं, एखादा थेंब गळालाच तर तो हातावर पडावा म्हणून खाली डावा तळहात धरला, आणि चौथा ओलांडला.