छान आहे हो

बाहेरच्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा सासूबाईंचा नियम. घरात मात्र त्यांच्या जिभेच्या तडाख्यातून साधा भातही सुटत नाही.

त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा आठवडाभर मी त्यांना शहरभर खाऊ घातलं. बाजारात ओल्या मोज्यांच्या वासाचं चीज चाखताना डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाल्या, “छान आहे हो.” एका नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये परातीएवढ्या ताटात लिंबाएवढा घास आला. तोही छान.

शेवटच्या दिवशी त्या माझ्या रेस्टॉरंटमध्ये आल्या. गेली दोन वर्षं त्याला त्या “तुझं ते हॉटेल” म्हणत आल्या होत्या. सूप मी स्वतः स्वयंपाकघरात वाढून बाहेर पाठवलं. आता इथंही “छान” म्हणाल्या, तर संपलंच!

वेटर तोंड पाडून आत आला. “मॅडम, त्या आजी सगळ्यांदेखत ओरडल्या. म्हणे, सुपात मीठ कमी पडलंय, आणि हे असं पाणचट लोकांपुढं ठेवायला लाज कशी वाटत नाही!”

“असं म्हणाल्या? नक्की?”

“हो ना. मी जाऊन माफी मागू का?”

“खबरदार!” मी म्हटलं, आणि बक्षीस घ्यायला निघावं तशी मिठाची वाटी घेऊन भरल्या हॉलमधून ताठ मानेनं त्यांच्या टेबलाकडे निघाले.