आठशे घरांची वही

मुकुंदवाडीतलं श्राद्ध आटोपून व्यंकटराव गुरुजी घरी आले, खुर्चीत टेकले, लगेच उठले, गॅलरीत जाऊन आले आणि पुन्हा टेकले. खांद्यावरचं उपरणं तसंच होतं.

"एका जागी बसा हो," पद्मजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मला इथं गरगरायला लागलं."

बसवत नव्हतं. संध्याकाळी सहाच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं. प्रश्न वर्षाला अठराशे रुपयांचा होता. त्यांचा मुलगा सुयश शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत नोकरीला होता आणि पितृपक्षात रजा काढून वडिलांची निम्मी कामं उचलायचा. गुरुजींची यजमानांची वही त्यानं उन्हाळाभर बसून एका ॲपमध्ये उतरवली होती. आठशे घरं. प्रत्येक घराचं गोत्र, श्राद्ध करणाऱ्याचं नाव, पुढे त्याचे गेलेले वडील, आजोबा, पणजोबा, आणि शेवटी वडील गेल्याची तिथी. एका फोनवर लिहिलं की ते दुसऱ्या फोनवर आपोआप उमटायचं. दोन फोनांची ही सोय पहिले पंधरा दिवस फुकट होती. आज ती मुदत संपत होती.

"वही एक आणि माणसं दोन, बाबा," समोर फोन घेऊन बसलेला सुयश म्हणाला. "गेल्या वर्षी मी गंगापूरला, वही तुमच्या पिशवीत. यजमान पाटावर बसलेला आणि मी तुमचा फोन लागतो का ते बघत उभा."

"चाळीस वर्षं वहीवरच निभलं ना?"

"तेव्हा तुम्ही एकटे होतात."

गुरुजींनी अठराशे रुपये फार होतात असं पुटपुटून पाहिलं, पण ते निमित्त होतं हे त्यांचं त्यांना कळत होतं. लोक त्यांना मंत्रांसाठी बोलावत नव्हते. मंत्र काय, आता कुणालाही येतात. माणसं स्वतःचा पणजोबा विसरायची आणि तो गुरुजींकडे सुखरूप असायचा. सगळी नावं एकदा सुयशच्या खिशात गेली की दुखऱ्या गुडघ्यांच्या म्हाताऱ्याला रिक्षा करून कोण नेणार? त्यांना भीती वाटत होती, आणि पोटच्या पोराची भीती वाटते याची लाजही वाटत होती.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. गंगापूरचा गोकुळ बोलत होता, जुना यजमान.

"गुरुजी, परवा सप्तमीला आमच्याकडं यायचं हाय. अन् ते पणजोबाचं नाव तेवढं सांगून ठिवा. पोरगं इचारतंय, मला काय सांगता यीना. वडलांना इचारावं तर ते फोटोत जाऊन बसले."

गुरुजी खुश झाले. त्यांनी डोळे मिटले. नाव ओठांवर आलंच होतं.

"केरबा," सुयश फोनमध्ये बघून म्हणाला.

"व्हय व्हय, केरबा. लई बरं झालं, दादा," गोकुळ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. दादा म्हणाला तो, गुरुजी नाही.

गुरुजींनी चष्मा लावला आणि ॲप उघडलं. आता त्यांना चूक हवी होती. एक चूक, ठळक, की जी दाखवून म्हणता येईल, हे बघ, म्हणून वहीच बरी. अंगठ्यानं ते घर मागून घर सरकवू लागले. कुठं गोत्र चुकलंय का, काकाच्या जागी पुतण्या घुसलाय का. नाव ठेवायला जागा मिळेना. पोरानं डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं. पावणेसहा झाले.

शेवटचं, आठशे एकावं घर सापडलं. ते वहीत नव्हतं. सुयशनं आपल्या मनानं वाढवलं होतं, आपलंच घर. श्राद्ध करणारा: सुयश. वडील: व्यंकटराव.

गुरुजींचा अंगठा थांबला.

शाळेच्या दाखल्यापासून सुयशनं जितके फॉर्म भरले, त्या प्रत्येकात वडिलांच्या रकान्यात त्यानं हेच नाव लिहिलं होतं. हात सवयीनं चालला असणार. पण हा रकाना गेलेल्यांचा होता, आणि गुरुजींच्या पोराला ते कळायला हवं होतं. हवी होती ती चूक आयती हातात आली होती, तीही अशी की सुयशला वर तोंड करून बघता आलं नसतं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्यांच्या घरी मोठ्यानं वाचतात तशी, पण मनातल्या मनात. व्यंकटराव. नरहरी. विठ्ठल. गोत्र बरोबर, नावं बरोबर. पणजोबाचं नाव सुयशनं कुणालाही विचारलं नव्हतं. फक्त शेवटचा रकाना कोरा होता.

त्यांनी उपरण्यानं चष्मा पुसला, निवांत पुसला.

"मिळाली का चूक?" सुयशनं विचारलं. वडील काय शोधताहेत हे त्याला केव्हाच कळलेलं होतं.

"नाही. पैसे भरून टाक."

"एका वर्षाचे?"

"जास्तीत जास्त जेवढ्या वर्षांचे घेतात तेवढ्यांचे."

सुयश पैसे भरायला लागला. गुरुजी उठून आपलं उपरणं खुंटीला लावून आले आणि या वेळी खुर्चीत नीट टेकून बसले.

"शेवटच्या घराची तिथी तेवढी राहिली आहे," ते म्हणाले. "ती तूच भर. मला भरता यायची नाही."